लेक डिस्ट्रिक्टची पानगळ: आई-बाबांना घेऊन, एका दिवसात, बसने

सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा आले की ऑक्टोबर उजाडता उजाडता मँचेस्टरच्या आमच्या ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो: लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येचा तळ्या-डोंगरांचा भाग, एका दिवसात होतं का? होतं. एकच रस्ता धरलात आणि बाकीची तळी सोडून द्यायची तयारी ठेवलीत, तर छान होतं.

आमची पहिली फेरी अशी झाली नव्हती. शाळांच्या हाफ-टर्मचा, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीचा शनिवार, भाड्याची गाडी आणि माझ्या वहीत पाच तळ्यांची यादी. दुपारी फोनमधल्या नकाशाने जवळचा रस्ता म्हणून आम्हाला हार्डनॉट खिंडीत घातलं. तिथला चढ काही ठिकाणी तीनास एक आहे, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. रस्ता एका गाडीपुरता आणि समोरून येणाऱ्यांची रांग. बाबा खिडकीवरची कडी धरून बसले होते, आईने डोळे मिटून घेतले होते. पाचही तळ्यांच्या गाडीतळांवर जागा शोधण्यात दिवस गेला. रात्री घरी आल्यावर आई म्हणाली, "तळी दिसली गं, पण सगळी काचेतूनच." ते मला फार लागलं. पुढच्या वर्षी मी गाडी घेतली नाही. त्यानंतर आम्ही दोनदा बसने गेलो, आणि खाली लिहिलेलं सगळं त्या दोन फेऱ्यांतून आलं आहे.

आधी दिवस ठरवा. डोंगरउतारावरचा नेचा सगळ्यांत आधी रंग बदलतो. सप्टेंबरपासूनच तो तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा दिसू लागतो. मग बर्चची झाडं पिवळी होतात, बीचची लालसर. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लार्च सोनेरी होतो. लार्च सूचिपर्णी असूनही पानं गाळतो, त्यामुळे शेजारच्या हिरव्या झाडांत तो पेटल्यासारखा उठून दिसतो. ओक सगळ्यांच्या मागून. थोडंथोडं सगळंच हवं असेल, तर ऑक्टोबरचा तिसरा आठवडा धरा आणि त्यातला मंगळवार किंवा बुधवार. महिन्याच्या शेवटी शाळांना सुट्टी लागते. शिवाय शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि दिवस एकदम आखडतो. महिन्याच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, घड्याळ बदलल्यावर पावणेपाचच्या आत. म्हाताऱ्या माणसांना अंधारात ओल्या पानांवरून चालवायचं नसेल, तर हा दीड तास फार महत्त्वाचा आहे.

पावसाचं आधीच मनाशी ठरवून टाका. याच भागातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण. वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर. रत्नागिरीकरांना हा आकडा ओळखीचा वाटेल, पण तिकडे तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, इकडे बारा महिने वाटून पडतो. कोरडा दिवस मिळेल म्हणून थांबलात तर पानं गळून जातील. हवामान खात्याने नुसता पाऊस सांगितला असेल तर निघा. वादळी वारा सांगितला असेल तर मात्र दिवस बदला, कारण वाऱ्यात तळ्यावरची लाँच बंद राहते आणि छत्रीही टिकत नाही. छत्री घरीच ठेवा. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट हवं, आणि आईसाठी सलवारीवरून चढवता येईल अशी पातळ वॉटरप्रूफ पँट. सकाळी पाच-सहा अंश आणि दुपारी बारा-तेरा असं साधारण हवामान असतं, म्हणून एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.

बुटांबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. भारतातून आणलेले गुळगुळीत तळव्याचे बूट ओल्या पाटीच्या दगडावर आणि कुजलेल्या पानांवर साबणासारखे घसरतात. खोल खाचांचा रबरी तळवा असलेले बूट घ्या आणि आठवडाभर आधी घरात वापरायला लावा. बाबांची काठी "कशाला उगीच" म्हणून घरी राहता कामा नये.

तिकिटं. साठ पूर्ण झालेल्या कुणालाही सीनिअर रेलकार्ड घेता येतं, त्यासाठी इथलं रहिवासी असावं लागत नाही. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. वर्षाचे ३५ पौंड, आणि रेल्वेभाड्यात एक-तृतीयांश सूट. आई-बाबा सहा महिने असतील तर हे पैसे दोन-तीन प्रवासांत वसूल होतात. जाताना मँचेस्टर ते विंडरमियर आणि येताना पेनरिथ ते मँचेस्टर अशी दोन एकेरी तिकिटं काढा. गेलो त्याच वाटेने परत येणं टळतं, आणि त्यातच या दिवसाची खरी सोय आहे. बसच्या एकेरी तिकिटाला जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी ३ पौंडांची मर्यादा आहे. निघण्याआधी ती चालू आहे ना, हे बघून घ्या. गाड्या-बसच्या वेळा आदल्या रात्री पुन्हा तपासा, कारण उन्हाळी वेळापत्रक संपून हिवाळी सुरू व्हायचे हेच दिवस असतात. तपासलेल्या वेळांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

सकाळची अशी गाडी धरा की साडेनऊपर्यंत विंडरमियरला पोचाल. बहुधा ऑक्सनहोमला गाडी बदलावी लागते. तिथून पुढचा फाटा छोटा आहे आणि डावीकडे-उजवीकडे दगड रचून केलेल्या, मातीचुना नसलेल्या भिंती सुरू होतात. आईला पहिली मजा तिथेच वाटली: "गडग्यासारखंच की!" विंडरमियर स्टेशनवरून तळं दिसत नाही. ते दोनेक किलोमीटर खाली बोनेसला आहे. बहुतेक लोक तिकडे उतरतात आणि दुकानं, हंस, आइस्क्रीम यांत दुपार होते. सतरा किलोमीटर लांबीचं इंग्लंडमधलं हे सगळ्यांत मोठं नैसर्गिक तळं आहे, ते चुकवा असं मी कसं म्हणेन? पण एकाच दिवसात ते बसमधून बघा. बरोबर तरुण मंडळी असतील तर त्यांना स्टेशनसमोरच्या वाटेने ऑरेस्ट हेडवर पाठवा. २३९ मीटरची टेकडी, अर्ध्या तासाचा चढ. १९३० साली ब्लॅकबर्नच्या नगरपालिकेतला आल्फ्रेड वेनराइट नावाचा तेवीस वर्षांचा कारकून इथे पहिल्यांदा चढला. समोरचं दृश्य पाहून त्याने पुढचं आयुष्य या डोंगरांना वाहिलं. गुडघे दुखणाऱ्यांनी हा चढ सोडावा.

स्टेशनच्या दारातूनच ५५५ नंबरची बस मिळते. ती अँबलसाइड, रायडल, ग्रासमियर करत केझिकला जाते. आता नीट लक्ष द्या: वरच्या मजल्यावर, डाव्या बाजूला बसा. उत्तरेकडे जाताना विंडरमियर, रायडल वॉटर, ग्रासमियर आणि थर्लमियर ही चारही तळी डाव्या हाताला येतात. खालच्या मजल्यावरून दगडी भिंती आणि कुंपणंच जास्त दिसतात. वर चढायची भीती असेल तर ड्रायव्हरला सांगा, "आई-बाबा बसेपर्यंत थांबाल का?" आम्ही विचारलं तेव्हा दोन्ही वेळा थांबले. उतरताना थांबा यायच्या आधी जिन्यावर जाऊ नका. बस पूर्ण थांबू द्या, मग निवांत उतरा.

पहिल्यांदा उतरायचं ते रायडल चर्चला. रस्ता ओलांडताना सांभाळा, गाड्या जोरात येतात. पलीकडे छोट्या पादचारी पुलावरून रॉथी नदी ओलांडली की वाट झाडीत शिरते आणि थोड्या वेळात रायडल वॉटरच्या दक्षिण काठाला लागते. हे तळं लहान आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, आणि म्हणूनच मी ते निवडलं. एका नजरेत मावतं. वाट थोडी खडकाळ आहे पण दमवणारा चढ नाही. जमेल तेवढं चालायचं, मग वळायचं.

इथे सकाळीच यायचं कारण सांगते. पाणी उन्हाळ्याची ऊब बराच काळ धरून ठेवतं, वरची हवा मात्र रात्रीत गार पडते. म्हणून शरदातल्या शांत सकाळी तळ्यावर धुकं उभं राहतं. ऊन वर आलं की ते विरतं, आणि बहुतेक दिवशी दुपारकडे वारा सुटून पाण्यावर लाटा येतात. या दोहोंच्या मधला तासभर पाणी आरशासारखं असतं. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या नॅब स्कारचा तांबडा उतार पाण्यात उलटा पडला होता, आणि वरचा कुठला नि खालचा कुठला ते फक्त मधल्या धुक्याच्या पट्ट्यावरून कळत होतं. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. आई दगडावर बसली आणि पाण्यात बोटं बुडवून बघितली. पन्नास मिनिटं आम्ही काहीच केलं नाही. तुम्हीही करू नका. पाच फोटो काढा आणि फोन खिशात टाका.

वाटेत मेंढ्या भेटतात. हर्डविक जातीच्या, पांढऱ्या तोंडाच्या, राखाडी लोकरीच्या. कोकरं जन्मतात जवळजवळ काळी, आणि वय वाढेल तशी लोकर फिकी होत जाते. अंगावरचे रंगाचे पट्टे कुणाची मेंढी ते ओळखायला असतात. आपल्याकडचे धनगर रंग लावतात तसेच. जवळ जाऊ नका, काही खायला घालू नका. फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत ठेवा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

पुढच्या बसने दहा मिनिटांत ग्रासमियर. गाव एवढंसं. कवी विल्यम वर्ड्सवर्थ १७९९ ते १८०८ इथल्या डव्ह कॉटेजमध्ये राहिला आणि सेंट ऑस्वल्ड चर्चच्या आवारात त्याची साधी पाटीच्या दगडाची समाधी आहे. बाबांना शाळेत त्याची कविता होती, ते तिथे जरा जास्तच वेळ थांबले. आवाराच्या कोपऱ्यालाच एकेकाळी गावची शाळा असलेल्या खोलीत जिंजरब्रेडचं दुकान आहे. सेरा नेल्सन नावाच्या बाईंनी १८५४ पासून इथे ते विकायला सुरुवात केली. वरून भुसभुशीत, आतून चिवट, आणि आल्याचा झणका थेट आलेपाकाच्या वळणाचा. सहा तुकड्यांचं पाकीट घ्या, थंडीत दुपारी उपयोगी पडतं.

जेवण बरोबर नेलंत तर उत्तम. आई दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडी बटाट्याची भाजी करून देते. नदीकाठच्या बाकावर बसून खाल्लं. पाऊस असेल तर कॅफेत सूप किंवा जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालीसकट भाजलेला बटाटा मिळतो. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही, पण सूप कशात शिजवलंय ते विचारा. चहाचा थर्मास प्रत्येक माणशी वेगळा असावा. हे खर्चिक वाटतं खरं, पण थंडीत बोटं गरम करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बसमध्ये चढण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या.

सव्वाच्या सुमाराची बस पकडा, पुन्हा वर, पुन्हा डावीकडे. गाव सुटलं की बस डनमेल रेजची खिंड चढते. दोन्ही बाजूंना नुसता तांबडा नेचा, झाड जवळजवळ नाही. खिंड उतरली की थर्लमियर लागतं. पुष्कळ लोक इथे डुलकी काढतात, कारण हे धरणाचं पाणी आहे आणि काठाची झाडी मध्येमध्ये आड येते. माझ्यासाठी मात्र सगळ्या दिवसाचा गाभा इथे आहे, आणि तो बाबांमुळे.

बाबा सातारा भागात पाणीपुरवठ्याच्या कामांवर होते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने गावात आणायच्या योजना त्यांनी केल्या. मी त्यांना सांगितलं की आपल्या मँचेस्टरच्या नळाला पाणी इथून येतं. इथे आधी दोन छोटी तळी होती. मँचेस्टर शहराने धरण बांधून पातळी उंचावली, काठची घरं पाण्याखाली गेली, आणि १८९४ साली इथलं पाणी शहरात पोचलं. अंतर सुमारे ९६ मैल, म्हणजे १५४ किलोमीटर. वाटेत एकही पंप नाही. मैलाला साधारण वीस इंच उतार, बस्स. पाण्याला शहरापर्यंत यायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. बाबांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "वीस इंच! अगं, एवढा उतार राखायचा म्हणजे मोजणी करणाऱ्याचा हात काय असेल!" मग काठाजवळचं छोटं विदबर्न चर्च मागे पडेपर्यंत ते काचेला नाक लावून बसले होते. पाण्यात गेलेल्या वस्तीबद्दल आईने विचारलं. कोयनेच्या काठची माणसं आमच्या नात्यात आहेत, त्यामुळे तो प्रश्न तिला पडणारच होता. तुमच्या आई-बाबांना धरणात रस नसेलही. पण त्यांनी आयुष्यभर जे काम केलं त्याच्याशी नातं सांगणारं एखादं ठिकाण या वाटेवर शोधून ठेवा, शाळा, शेत, रेल्वे, काहीही. तळ्याचं कौतुक करून झाल्यावर बोलायला ते लागतं.

दोनच्या सुमारास केझिक. बसथांब्यापासून डरवेंटवॉटरच्या धक्क्यापर्यंत सावकाश चालत पंधरा मिनिटं, सपाट रस्ता. इथून लाकडी लाँच तळ्याला पूर्ण फेरी मारते, सुमारे पन्नास मिनिटांची. पानगळीत शेवटच्या फेऱ्या लवकर संपतात, म्हणून उतरल्या उतरल्या आधी धक्क्यावर जा, बाजारपेठ मागून. पश्चिम काठाला ब्रँडलहाऊचं जंगल लागतं. निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने वर्गणी गोळा करून १९०२ साली ते विकत घेतलं, या भागातली त्यांची पहिली जागा. ओक तेव्हा अजून हिरवट असतात आणि त्यांच्यात मधेच पिवळी बर्च. लाँचच्या आत बसा, पण काच सरकत असेल तर सरकवा. आई पहिल्या फेरीत काचेतून बघून बघून कंटाळली होती. इथे तिने बाहेर हात काढला आणि धक्का येईपर्यंत आत घेतला नाही.

वाऱ्यामुळे लाँच बंद असेल तर दोन पर्याय आहेत. धक्क्यापासून फ्रायर्स क्रॅगपर्यंत दहा मिनिटं चालत जा, तिथून सगळं तळं समोर येतं. किंवा पाऊस फारच असेल तर गावातल्या पेन्सिल म्युझियममध्ये शिरा. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडलं आणि केझिकमध्ये पेन्सिली बनू लागल्या.

साडेतीन-चारला चहा. साडेचारच्या आसपास एक्स-४ किंवा एक्स-५ बसने पेनरिथ स्टेशनला, पाऊण तासाच्या आत. तिथून मुख्य मार्गावरची गाडी मिळते. बस आणि गाडी यांच्यात किमान अर्धा तास ठेवा, आणि शेवटच्या बसवर कधीच विसंबू नका. तिच्या आधीची धरा.

व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर वाट बदलावी लागेल. राष्ट्रीय उद्यानाची 'माइल्स विदाऊट स्टाइल्स' नावाची वाटांची यादी आहे. कुंपणावरून चढून जावं लागत नाही अशा या वाटा, आणि प्रत्येकीची प्रत चाकं किती सहज जातील यावर ठरलेली. तिच्यातली निवडा. गाडीनेच जाणार असाल तर टार्न हाउज हे एकच ठिकाण धरा. पावणेतीन किलोमीटरची बांधलेली गोल वाट, काठाला लार्च, आणि नॅशनल ट्रस्टचा गाडीतळ. सकाळी दहाच्या आत पोचा. नकाशात हार्डनॉट आणि रायनोज ही नावं दिसली की दुसरा रस्ता निवडा, नकाशा काहीही म्हणो. कुणी डोंगर चढणार असेल तर एवढं पाठ करून जा: अडचणीत ९९९, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू.

घरी पोचल्यावर बूट त्याच रात्री उघडा, आतले तळवे काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हीटरपासून हातभर लांब ठेवा. दोन तासांनी बोळे बदलले की सकाळपर्यंत कोरडे होतात.